औषधांचा डबा : हे पित्त नव्हे



गेल्या अंकात खसखशीबद्दल लिहिलं होतं. अनारशांना लागते म्हणून आपण आईकडून सहज पुडी बांधून आणतो, पण सौदीत ती अमली पदार्थांत धरली जाते, तेव्हा बॅगेत नको म्हणजे नकोच. त्यावर बऱ्याच जणींचे आठवणीने फोन आले. मागच्या शुक्रवारच्या स्नेहभोजनात मात्र एका भाऊंनी मला चहाच्या टेबलाजवळ गाठलं आणि हळूच विचारलं, "वहिनी, खसखस राहू द्या. माझ्या त्या डोक्याच्या गोळ्या संपल्या. गावाहून भाऊ पाठवणार होता, ते लांबलं. चार दिवस सारखं मळमळतंय, पित्ताच्या गोळीनेही थांबत नाही. त्याचा ह्याच्याशी काही संबंध असेल का?"

संबंध आहे. त्यांना तिथल्या तिथेच सांगितलं, आज संध्याकाळी डॉक्टरला गाठा, आणि कोणती गोळी, किती मिलिग्रॅमची, कोणत्या तारखेला थांबली हे तिन्ही सांगा. त्यांनी तसं केलं. घरी येताना गाडीत मी गप्प होते. आमचे हे म्हणाले, "आता तरी लिहिणार का?"

तर लिहिते. ह्या सदरात मी सर्दी-खोकल्यापासून मधुमेहापर्यंत सगळ्यावर लिहिलं, पण हे एक टाळत आले. २०१७ साली आई गेली, त्यानंतर मला झोप नाही, भूक नाही, सकाळी उठावंसं वाटत नाही असं झालं. मिरजेच्या मानसोपचारतज्ज्ञांनी पॅरोक्सेटीन नावाची गोळी सुरू केली. गोळीने गुण आला, हे आधी सांगून टाकते, कारण पुढचं वाचून कोणी त्या औषधालाच नावं ठेवू नयेत. मी पुन्हा स्वयंपाक करायला लागले, मुलीचा अभ्यास घ्यायला लागले. पण खोबरला आल्यावर ही गोष्ट घराबाहेर कोणाला सांगितली नाही. इथल्या डॉक्टरला दाखवलं नाही, कारण फाईलवर नोंद होईल, इकाम्याला काही अडचण येईल, अशा भलभलत्या शंका. भारतात गेलं की तीन महिन्यांच्या गोळ्या आणायच्या, संपत आल्या की कोणी येणारं असेल त्याच्याबरोबर पाकीट मागवायचं. मिरजेला औषधाच्या दुकानात दहा वर्षं काउंटरवर उभी राहिलेली बाई मी! लोकांना "कोर्स पूर्ण करा, मधेच सोडू नका" असं सांगून सांगून तोंड दुखलेली.

मग आलं २०२०. १५ मार्चला सौदीने आंतरराष्ट्रीय विमानं थांबवली, पाठोपाठ भारतानेही. माझं पाकीट घेऊन येणाऱ्या ताई मुंबईतच अडकल्या. ६ एप्रिलला खोबर, दम्माम, धहरान सगळीकडे चोवीस तासांची संचारबंदी लागली. सकाळी ६ ते दुपारी ३ एवढ्यातच जवळपासच्या दुकानातून वाणसामान आणि औषध आणायची मुभा. माझ्या डब्यात मोजक्याच गोळ्या उरल्या होत्या. मी काय शहाणपणा केला, तर एक दिवसाआड घ्यायला लागले. पुरवून पुरवून वापरलं की निभावेल, तांदळासारखं.

तिसऱ्या-चौथ्या दिवसापासून पोटात ढवळायला लागलं. आधी सकाळी, मग दिवसभर. फोडणीचा वास आला की कोरड्या ओकाऱ्या. मान पटकन वळवली की जग अर्धा क्षण मागून यायचं, आणि डोळे इकडून तिकडे फिरवले की डोक्यात वीज चमकल्यासारखी एक झिणझिणी. घाम यायचा. रात्री चित्रविचित्र स्वप्नं. शेवटची गोळी एप्रिलच्या मध्याला संपली, आणि त्यानंतरचे चार दिवस मी जवळजवळ न्हाणीघराच्या दारातच काढले. मनात पहिला विचार आला तो कोरोनाचा. दुसरा, की जुना आजार परत आला. पॅकिंगमधल्या कागदावर लिहिलेली तिसरी शक्यता मला, फार्मसी शिकलेलीला, सुचली नाही.

शेजारच्या नागपूरच्या वहिनी दाराशी डबा ठेवून जायच्या. "काहून हो, जेवत नाही तुम्ही? पित्त झालं असेल." मराठी माणसाच्या पोटात काहीही झालं की ते पित्तच असतं. उन्हाने पित्त, जागरणाने पित्त, चहाने पित्त, सासरच्या माणसांनी पित्त. मीही मानलं. धने-जिऱ्याचं पाणी झालं, आवळा सुपारी झाली, कोकमाचं सार झालं, पॅन्टोप्रॅझोल झालं. पॅन्टोप्रॅझोल पोटातलं आम्ल कमी करतं. आम्ल वाढलेलंच नसेल तर ते बिचारं काय करणार?

(ह्या पित्ताची इथे आणखी एक गंमत आहे. माझ्या ओळखीच्या एकांनी इथल्या डॉक्टरला इंग्रजीत "बाइल झालंय" असं सांगितलं. डॉक्टरने तत्परतेने त्यांच्या पित्ताशयाची सोनोग्राफी करून घेतली. बिल कंपनीच्या विम्याने भरलं, म्हणून हसता येतं.)

शेवटी ह्यांनीच आमच्या पॉलिक्लिनिकातल्या सुदानी डॉक्टरबाईंना फोन लावला. त्यांनी ताप विचारला, वास येतो का विचारलं, खोकला विचारला. मग म्हणाल्या, "गेल्या दोन-तीन आठवड्यांत एखादं औषध बंद केलं आहे का?" मी गप्प. ह्यांनी फोन घेतला आणि गोळीचं नाव सांगितलं. बाईंना जराही आश्चर्य वाटलं नाही. त्याच दिवशी औषध लिहून दिलं. पहिल्या फार्मसीत मिळालं नाही, दुसरीत तीन वाजायला पाच कमी असताना मिळालं. माझी भारतातली गोळी हळूहळू विरघळणारी २५ मिलिग्रॅमची होती, इथे साधी २० ची मिळाली. ह्या दोन्ही मात्रा बरोबरीच्या धरतात. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मेतकूट-भात खाल्ला आणि तो पोटात राहिला. त्या भाताची चव अजून आठवते.

आता ह्यात पोटाचा काय संबंध, असं कोणीही विचारील. गोळी मनासाठी आणि ओकारी पोटात! ह्या जातीच्या गोळ्या शरीरातल्या सिरोटोनिन नावाच्या द्रव्यावर काम करतात. ते मेंदूत असतं म्हणून आपण ऐकतो, पण शरीरातल्या एकूण सिरोटोनिनपैकी ९० टक्क्यांच्या आसपास आतड्यात असतं. म्हणूनच ही गोळी सुरू करतानाही पहिले काही दिवस पुष्कळांना मळमळतं. मग शरीर तिच्याशी जुळवून घेतं, सगळी घडी तिच्या हिशेबाने बसवतं. महिनोन्‌महिने बसलेली ती घडी आपण एका दिवसात उचकटली की आतडंही बिथरतं आणि तोल सांभाळणारी यंत्रणाही. बोट लागल्यासारखी जी मळमळ होते ती ह्या तोलामुळे. म्हणून डॉक्टरला सांगताना नुसतं मळमळतंय म्हणू नका. मान हलवल्यावर वाढतं का, जेवणाच्या वासाने वाढतं का, चक्कर आहे का, हे सांगा. पित्त हा शब्द मात्र घरी ठेवून जा.

कोणत्या औषधाने जास्त त्रास होतो ते बरंचसं औषध शरीरातून किती वेगाने जातं त्यावर असतं. पॅरोक्सेटीन साधारण एका दिवसात निम्मं होतं. व्हेनलाफॅक्सिन तर काही तासांतच, त्यामुळे ते घेणाऱ्याला एक वेळ चुकली तरी कधी कधी संध्याकाळपर्यंत जाणवतं. फ्लुऑक्सेटीन अनेक दिवस रेंगाळतं, त्यामुळे त्याचा त्रास सहसा कमी आणि उशिरा. माझी "एक दिवसाआड" ही युक्ती इथेच फसली. जे औषध दिवसात निम्मं होतं, ते एक दिवसाआड घेतलं की शरीराला रोज वर-खाली झोके मिळतात.

आणि जुना आजार उलटला की गोळी सोडल्याचा त्रास, हे ओळखायचं कसं? मला तरी हे आधी कोणी सांगायला हवं होतं. गोळी सोडल्याचा त्रास बहुधा काही दिवसांतच सुरू होतो, आजार परतायला साधारणपणे आठवडे-महिने लागतात. सोडल्याच्या त्रासात मळमळ, चक्कर, डोक्यातली ती वीज अशी शरीराची लक्षणं असतात, जी मूळ आजारात नव्हती. आणि गोळी पुन्हा सुरू केली की एक-दोन दिवसांत उतार पडतो. आजार असेल तर इतक्या लवकर पडत नाही. तरी शेवटचा निवाडा डॉक्टरचा.

हे डॉक्टरांनाही फार जुनं ठाऊक होतं असं नाही. म्हणजे ठाऊक होतं, पण किरकोळ मानलं जायचं. ब्रिटनमधल्या सरकारी सूचनांत २०१९ पर्यंत असंच होतं की हा त्रास सहसा सौम्य असतो आणि साधारण आठवड्याभरात आपोआप जातो. २०१९ साली तिथल्या मानसोपचारतज्ज्ञांच्या रॉयल कॉलेजने मान्य केलं की काहींना तो तीव्र होतो आणि बराच लांबतो, आणि सूचना बदलल्या. ह्याची दुसरी बाजूही सांगते, नाहीतर कोणी घाबरून जाईल. २०२४ मध्ये 'लॅन्सेट सायकिॲट्री' ह्या नियतकालिकात अनेक चाचण्यांचा एकत्र हिशेब आला. गोळी सोडणाऱ्यांत सुमारे ३१ टक्क्यांना काही ना काही त्रास झाला, पण खोटी गोळी सोडणाऱ्यांतही १७ टक्क्यांना झाला. म्हणजे खऱ्या अर्थाने औषधामुळे त्रास झालेले साधारण सहा-सातांत एक. तीव्र त्रास ३ टक्क्यांच्या आसपास. मी त्या एकात होते. तुम्ही नसालही.

माझी गोळी पुढे सुटली, पण ती अशी. २०२१ च्या जानेवारीत मुलीची परीक्षा आणि बाकी सगळं मार्गी लागल्यावर मिरजेच्या डॉक्टरांशी व्हिडिओवर आणि इथल्या डॉक्टरांशी समोर बसून ठरवलं. २० वरून १५, मग १०, मग साडेसात, ५, अडीच. प्रत्येक पायरीवर किमान सहा आठवडे, आणि मळमळ पुन्हा उठली की आहे तिथेच थांबायचं किंवा एक पायरी वर जायचं. चौदा महिने लागले. गंमत म्हणजे २० वरून १० पर्यंत मी मजेत उतरले, आणि खालच्या त्या चिमुकल्या पायऱ्यांनीच दम काढला.

असं का, त्याचं उत्तर लंडनच्या मार्क हॉरोविट्झ आणि डेव्हिड टेलर ह्या दोघांनी २०१९ च्या एका लेखात मांडलं आहे. ते आलेख काढून सांगतात, मी आमटीतून सांगते. अळणी आमटीत मिठाची पहिली चिमूट पडली की केवढा फरक पडतो! दुसरीनेही पडतो. सात चिमटी झाल्यावर आठवी टाकली तर जिभेला फारसं कळत नाही. आता उलट चला. आठवरून सातवर आलात, कोणी ओळखणार नाही. एकवरून शून्यावर आलात तर पहिल्याच भुरक्याला घरातले सगळे मान वर करतील. औषधाचं मेंदूतलं काम असंच असतं. थोड्या मात्रेतही ते पुष्कळ जागा व्यापतं. म्हणून "आता अगदी कमी राहिलीय, सोडून देऊ" असं वाटतं तिथेच सर्वांत सावकाश जायचं. काही औषधं पातळ रूपात मिळतात, त्यातून अशी बारीक मात्रा मोजता येते. डॉक्टरला विचारा. हळूहळू विरघळणारी गोळी मात्र कधीही तोडायची किंवा कुटायची नाही, ती तोडली की तिचं सावकाशपण संपलं.

हा लेख वाचून कोणी स्वतःच सुरी घेऊन बसू नये, एवढी हात जोडून विनंती. माझ्या पायऱ्या माझ्या होत्या.

आता त्या चौदा महिन्यांत मळमळीशी मी कसं जमवून घेतलं ते. औषध नव्हे हे, पण दिवस निघाले. सकाळी उठल्या उठल्या, उशाशी ठेवलेल्या डब्यातले मूठभर कुरमुरे किंवा भाजके पोहे, मग पाय जमिनीवर. पोट रिकामं राहिलं की मळमळ दुप्पट होते, म्हणून दर दोन-तीन तासांनी थोडं थोडं: खाकरा, पेज, मऊ भात, केळं. एका वेळी पोटभर जेवण नाही. गोळी रोज त्याच वेळी आणि जेवणानंतर. जेवून लगेच आडवं व्हायचं नाही, टेकून बसायचं. फोडणी शक्यतो ह्यांच्याकडून (संपादक हे वाक्य गाळणार नाहीत अशी आशा आहे), आणि तेवढा वेळ मी बंद खोलीत एसीपुढे, नाकाशी लिंबाची फोड. आल्याचा उपयोग होतो. मळमळीवर आल्याचा अभ्यास पुष्कळ झाला आहे, तो बहुतेक गरोदरपणातला आणि केमोथेरपीतला. मला आलेपाकाची वडी चघळून बरं वाटायचं. रक्त पातळ करण्याची गोळी चालू असेल त्यांनी मात्र आल्याचा मारा डॉक्टरला विचारूनच करावा.

पाणी घटाघट प्यायलं की उलटतं. चमच्या-चमच्याने, दर पाच मिनिटांनी. इथल्या बकाल्यात मिळणारं लबन माझ्या कामी आलं. पाणी घालून, मीठ नि जिरेपूड टाकून आपलं ताकच करायचं. उलट्या होत असतील तर ओआरएसला पर्याय नाही. जून ते सप्टेंबर इथलं ऊन ४५ च्या पुढे जातं, तेव्हा दोन उलट्यांनीही माणूस वाळतो. उन्हाळ्यात गोळी कमी करायचा घाटच घालू नये असं माझं मत. भारतात जायच्या आधीच्या महिन्यातही नको. आणि संकष्टी किंवा नवरात्राचे कडक उपास त्या काळापुरते देवाला सांगून सोडा.

रमजानबद्दल आपल्या रत्नागिरी-रायगडच्या घरांतून विचारणा होते. रोजच्या एकाच गोळीला इफ्तार किंवा सहरी, एक वेळ ठरवून महिनाभर तीच धरता येते, पण वेळ बदलण्याआधी डॉक्टरशी बोलून घ्या. दिवसातून दोनदा घ्यायच्या गोळ्यांचं तर त्यांनाच विचारून ठरवा. आणि मात्रा कमी करायला सुरुवात रमजानात नको, ईद होऊ द्या.

मळमळ थांबवायच्या गोळ्यांबद्दल सावध करते. आपल्या सगळ्यांच्या डब्यात एखादी ओंडान्सेट्रॉन किंवा डोम्पेरिडोनची पट्टी असते. मुलांना उलट्या झाल्या की आपण देतो. पण ओंडान्सेट्रॉन आणि डोम्पेरिडोन दोन्ही हृदयाच्या ठोक्यांच्या लयीवर परिणाम करू शकतात, आणि एस्सिटालोप्राम, सिटालोप्राम ही मनाची औषधंही तेच करू शकतात. दोन्ही एकदम पोटात गेली की धोका वाढतो. मेटोक्लोप्रमाइडने ह्या औषधांबरोबर अंग आखडणं, जिवाची तगमग होणं असे प्रकार होऊ शकतात. डॉक्टर विचार करून देतील तर ठीक, आपल्या डब्यातून नको.

इथवर मनाच्या गोळ्यांचं झालं. पण ज्या थांबवल्याने मळमळतं त्या सगळ्या मनाच्या नसतात, आणि काहींच्या बाबतीत घरगुती उपायांत एक दिवसही घालवायचा नसतो. दम्याला, संधिवाताला, त्वचेला स्टिरॉइड देतात, प्रेड्निसोलोन, डेफ्लाझाकॉर्ट वगैरे. ती काही आठवडे घेतली की शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं मंदावतं. एकदम बंद केली तर मळमळ, उलट्या, गळून जाणं, उभं राहताच डोळ्यांपुढे अंधारी, इतकं होतं आणि जिवावर बेतू शकतं. तिथे थेट इस्पितळ. ट्रॅमाडॉलसारखी दुखण्यावरची गोळी सुटली की मळमळ, जुलाब, घाम आणि अस्वस्थपणा येतो.

आणि झोपेच्या गोळ्या. एका घरची गोष्ट सांगते, नाव-गाव नाही. सासूबाई व्हिजिट व्हिसावर तीन महिन्यांसाठी आल्या. यजमान गेल्यापासून रोज रात्री अल्प्रॅझोलाम, अकरा वर्षं. "झोपेची बारीक गोळी" एवढंच घरात माहीत. सौदीत असल्या गोळ्या चालत नाहीत असं कोणीतरी सांगितलं, म्हणून मुलाने मुंबई विमानतळावर त्यांच्या पर्समधली पट्टी काढून कचऱ्यात टाकली. तिसऱ्या दिवशी उलट्या, हात थरथरताहेत, डोळ्याला डोळा नाही. घरात चर्चा अशी की खुबूस बाधला, एसी बाधला. सासूबाई स्वतः काही बोलेनात, सून काय म्हणेल म्हणून. चौथ्या रात्री नातीला म्हणाल्या, "माझी गोळी बाबाने टाकली गं." तिथून सूत्रं हलली. इथल्या डॉक्टरांनी नियमाप्रमाणे औषध लिहून दिलं आणि त्या सावरल्या. ह्या जातीच्या गोळ्या एकदम थांबवल्या तर फिट येऊ शकते, म्हणून ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हे.

ह्या गोळ्या सोडवायच्या कामी न्यूकॅसलच्या डॉ. हेदर ॲश्टन ह्यांचं नाव घेतलं जातं. १९८२ ते १९९४ अशी बारा वर्षं त्यांनी केवळ ह्याच रुग्णांसाठी दवाखाना चालवला, आणि रुग्णांकडूनच शिकून एक पुस्तिका लिहिली. त्या २०१९ साली गेल्या. २०२५ मध्ये अमेरिकेतल्या तज्ज्ञ संस्थांनी एकत्र येऊन काढलेल्या सूचनाही त्याच वाटेच्या आहेत: सुरुवातीला दर दोन ते चार आठवड्यांनी ५ ते १० टक्के कमी करून पाहा, माणूस कसा आहे ते बघत पुढे जा.

त्या मुलाची भीती अगदीच निराधार नव्हती. अल्प्रॅझोलाम, क्लोनाझेपाम, ट्रॅमाडॉल, प्रेगाबालिन, कोडीन ही इथे नियंत्रित औषधं आहेत. पण आईची गोळी कचऱ्यात टाकणं हा त्यावरचा उपाय नाही. सौदी अन्न व औषध प्राधिकरणाची नियंत्रित औषधांसाठी ऑनलाइन व्यवस्था आहे. निघण्यापूर्वी तिथे डॉक्टरचं पत्र, चिठ्ठी, पासपोर्ट, औषधाचा तपशील देऊन परवाना काढायचा. साधारण ३० दिवसांचं किंवा मुक्कामापुरतं, जे कमी असेल तेवढं औषध आणता येतं. म्हणजे तीन महिन्यांसाठी येणाऱ्या आई-वडिलांची पुढची सोय इथल्या डॉक्टरकडे आधीच लावून ठेवावी लागते. गोळ्या मूळ पट्टीत, चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव इंग्रजीत, पासपोर्टवरचंच नाव. आणि दुसऱ्याचं औषधाचं पाकीट, कितीही ओळखीचं असो, आणायचं नाही. हे मी, जिने तीन वर्षं दुसऱ्यांच्या बॅगेतून पाकिटं मागवली, ती सांगते आहे. माझं औषध नियंत्रित नव्हतं हे माझं नशीब. ते आणणाऱ्यांना आत काय आहे हे मी कधी सांगितलंही नव्हतं.

इस्पितळात कधी जायचं? पाण्याचा घोटही दिवसभर टिकत नसेल, लघवी अगदी कमी किंवा गडद होत असेल, उलटीत रक्त असेल, फिट आली, बोलणं असंबद्ध झालं, छातीत धडधड होऊन चक्कर आली, किंवा जगू नये असे विचार यायला लागले, तर वाट पाहू नका. रुग्णवाहिकेला ९९७. रियाध, मक्का आणि आपल्या पूर्व प्रांतात ९११ ही चालतो. साधा सल्ला हवा असेल तर आरोग्य मंत्रालयाचा ९३७, चोवीस तास.

नागपूरच्या वहिनींना मी खरं कारण पुढे दोन महिन्यांनी सांगितलं, संचारबंदी उठल्यावर, जिन्यात. त्यांनी आधी आवळा सुपारीचे पैसे परत मागितले. मग म्हणाल्या, "मीही घेते. चार वर्षं झाली. तुमच्याकडे राहिल्या असत्या तर मागितल्या असत्या, माझ्याही तेव्हा संपतच आल्या होत्या." एका जिन्यावर समोरासमोर दोन दारं, आणि दोन्ही घरांत कपाटाच्या मागच्या कप्प्यात ठेवलेली पट्टी. (दुसऱ्याची गोळी घ्यायची नसते, हे मी त्यांना तिथेच सांगितलं. सवय.)

चहाच्या टेबलाजवळच्या भाऊंचा काल फोन आला होता. गोळी सुरू झाली, मळमळ गेली, आता डॉक्टरबरोबर बसून पुढचं ठरवणार आहेत. वहिनींना, म्हणजे त्यांच्या सौभाग्यवतींना, त्यांनी त्या रात्रीच सांगितलं म्हणे.

पुढच्या अंकात उन्हाळी सुट्टीला जाताना इन्सुलिन थंड कसं न्यायचं ते. मागच्या अंकाची सहावी झेरॉक्स पुसट आल्याची तक्रार आहे, ज्यांना हवी त्यांनी शुक्रवारी माझ्याकडून घेऊन जावी. आणि कोणाला ह्या लेखाबद्दल काही विचारायचं असेल तर फोन करा. दुपारी ४ नंतर केलात तर बरं, मी एकटीच घरी असते.